कुणाला कुणाच्या होडीत बसवू?

मित्रांनो, मी एक जुना जुळवणारा आहे. लग्नं जुळवणारा नव्हे हं! होड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे, लांबलांबची माणसं घरबसल्या एकमेकांबरोबर खेळतात, त्या खेळातली माणसं मी जुळवतो. तुम्ही मोबाइलवर 'चला' असं लिहिलेलं बटण दाबता आणि पडद्यावर एक चक्र फिरायला लागतं. तुम्ही वैतागून म्हणता, "काय वेळ लावतोय हा!" अहो, त्या चक्रामागे माझी किती धांदल उडालेली असते! हा नवखा, तो मुरलेला, ह्याला त्याच्या होडीत बसवलं तर? समोर फारच दांडगे आले तर? मला हात नाहीत, पाय नाहीत, मी नुसता लिहिलेला प्रोग्राम. पण काळजी मात्र माझ्यात ठासून भरली आहे.

माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खालचं यंत्र सुरू झालं की वरचं टेबल थरथरायचं आणि टेबलावरचा चहा बशीत सांडायचा. तिथे दोघं काम करत, वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर. वहिनी प्रोग्राम लिहायच्या, भावजी होड्या नि पाणी रंगवायचे. भावजी त्यांना वहिनी म्हणत, म्हणून पुढे कामाला आलेले सगळेच म्हणायला लागले. मीही तेच म्हणतो.

खेळ तसा सोपा. एका होडीत चौघं बसतात. ढोलाचा ठोका पडला की चौघांनी एकदम वल्हं मारायचं. एखादा चुकला की होडी गर्रकन वळते, चुकतच राहिला तर उलटते. मी नव्हतो तेव्हा जो येईल त्याला मिळेल त्या होडीत कोंबायचे. एकदा वहिनींच्या आत्याबाई हौसेनं खेळायला बसल्या. सोबतीला सगळे मुरलेले. आत्याबाईंच्या वल्ह्यानं होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली आणि मंडळी लागली ओरडायला. "मेले अंगावर काय येतात! मी ह्यांचं काय खाल्लंय?" असं म्हणून आत्याबाईंनी मोबाइल पालथा ठेवला तो ठेवलाच. त्याच संध्याकाळी वहिनींनी मला लिहायला घेतलं.

मला माणसाचा चेहरा दिसत नाही, वय कळत नाही. प्रत्येकाचा एक अंक असतो. जिंकलात की तो वाढतो, हरलात की उतरतो. अंक पाहायचा आणि बरोबरीच्यांना बरोबरीच्यांत बसवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, नाही? करून बघा एकदा! नीट शोधत बसावं तर लोक कंटाळून निघून जातात, घाई करावी तर एखाद्या गरिबाचं भुस्काट पडतं. बरं, कौतुकाचं नाव नको. जिंकले की म्हणतात, "आपण आहोतच भारी." हरले की म्हणतात, "कसली माणसं दिली आहेत!" सुरुवातीला भावजी येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याबद्दल सांगायचे. पुढे माझी सगळ्यांना सवय झाली आणि काही बिघडलं तरच माझी आठवण निघायला लागली.

खेळताना लोक एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणं माझ्याच यंत्रातून जातं. ऐकू नये ते कानावर पडतं. मी तरी कुठे जाऊ? असंच मला त्या बापलेकीचं कळलं.

मुलगी आमच्या खेळात चांगलीच मुरलेली होती. ती शिकूनसवरून मोठ्या शहरात गेली होती, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत. वडील शाळेची बस चालवायचे. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "चार दिवसांत रडत परत येशील," असं वडील बोलून गेले होते. ते तिनं मनाला लावून घेतलं. तेव्हापासून फोनवर "जेवलीस का?" "हो." "बरं." एवढंच. एकदा शर्यत सुरू व्हायच्या आधी ती मैत्रिणीला सांगत होती, "मला इथे नुसते दुसऱ्यांच्या नकाशांच्या घड्या घालायला ठेवलंय गं. रडू येतं. पण घरी कुठल्या तोंडानं सांगू? बाबा म्हणतील, सांगितलं नव्हतं का मी?"

आणि एके दिवशी तीच वडिलांना खेळायला घेऊन आली. म्हणाली, "बाबा, नुसतं फोनवर काय बोलायचं? या, खेळता खेळता बोलू."

तिचा अंक वर टेकलेला, वडिलांचा तळाला. दोघं एकाच होडीत जागा मागत होते. अशा वेळी मला एकच शिकवलेलं होतं, दोघांची सरासरी काढायची. मी काढली आणि दोघांना मधल्यांच्या होडीत बसवलं. तिला तो खेळ पोरखेळ, वडिलांना मात्र काही सुधरेना. ढोल एकीकडे, त्यांचं वल्हं दुसरीकडे. होडीत एक आवाज होता, सगळे त्याला कप्तान म्हणत. तो खेकसला, "ओ काका, झोपलात काय? कुणी आणलंय हे ओझं?"

वडील हळूच म्हणाले, "तू खेळ गं, ठमे. मी ओझं कशाला होऊ?"

"बाबा, थांबा ना! अहो बाबा!"

ते गेले होते. पुढे कित्येक दिवस ते आलेच नाहीत. अंक तर मी बरोबर जुळवले होते, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मुलीनं एक शक्कल लढवली. तिनं दुसऱ्याच नावानं नवीन खातं उघडलं. खातं कोरं म्हणून अंकही तळाचा. आता मी दोघांना नवख्यांत बसवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तसंच झालं. वडिलांचं वल्हं चुकून होडी वळायला लागली की ती झटकन सावरायची, चौघांचं वल्हं एकटीच मारल्यासारखी मारायची आणि होडी सुसाट सुटायची. वडील खूश! "अगं, जमतंय की मला!" हात कामात गुंतले की त्यांचं तोंड मोकळं व्हायचं. बसचा आरसा कुणी फोडला, शेजारच्या काकांनी कोणता नवा हट्ट धरलाय, सगळं सांगायचे. तीही हसायची. मधेच म्हणायची, "बाबा, मला एक सांगायचं होतं."

"बोल की."

नेमकी तेव्हाच शर्यत संपायची. ती म्हणायची, "काही नाही. पुढच्या वेळी सांगते." मी नुसता तळमळत राहायचो.

पण मित्रांनो, होडी काही एकच नसते. समोरच्या होडीत कोण असायचं? खरेखुरे नवखे! एक फुलवाली आणि तिचा नवरा दुकान बंद करून हौसेनं खेळायला यायचे. ह्या बापलेकीसमोर ते सारखे आपटले. शेवटी नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, आपल्याला नाही जमायचं. काढून टाक." हे ऐकून माझा जीव कासावीस झाला. कोऱ्या खात्यामागे लपलेला मुरलेला खेळाडू दिसला की वर कळवायचं, असा नियम होता. कळवलं तर बापलेकीचं बोलणं तुटणार. न कळवावं तर रोज कुणीतरी आत्याबाईंसारखा मोबाइल पालथा ठेवणार. मी चार दिवस घुटमळलो आणि कळवलं.

भावजी म्हणाले, "वहिनी, सरळ लबाडी आहे ही. खातं बंद करा नि विषय संपवा."

वहिनी बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. आता त्यांना चष्मा लागला होता, तो त्यांनी कपाळावर ढकलला. "बंद तर करायलाच हवं. पण भावजी, ही एकटी कधीच खेळत नाही बघा. दर वेळी तोच एक कच्चा भिडू बरोबर. ही कुणालातरी सांभाळून घेतेय. लहानपणी आपण काय करायचो? धाकटं भावंड हट्ट धरून बसलं की?"

"लिंबूटिंबू!" भावजी ओरडलेच. "घ्यायचं खेळात, पण धरायचं नाही. पकडलं तरी बाद नाही."

झालं! दोघांनी मिळून मला नवीन विद्या शिकवली. मुरलेल्याबरोबर अगदी नवखा आला तर होडी मुरलेल्यांच्यात लावायची आणि नवख्याला लिंबूटिंबू करायचं. त्यानं वल्हं कसंही मारलं तरी होडी वळणार नाही, हरले तरी त्याचा अंक उतरणार नाही. भावजींनी लिंबाच्या रंगाची एक टोपी काढली, वर हिरवं पान. टोपीवर बोट दाबलं की ती उतरवताही यावी, अशी सोय वहिनींनी आठवणीनं ठेवली. मुलीचं दुसरं खातं बंद झालं आणि तिला निरोप गेला की सोबत्याला घेऊन आपल्या जुन्या खात्यावरून या.

मधले दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. संध्याकाळ झाली की वडील खेळ उघडायचे, तिचं नाव नाही असं बघायचे आणि बटण न दाबता निघून जायचे. त्यांना वाटलं असेल का, की लेक कंटाळली? तिला राग आला असेल का? माझ्यापाशी विचारायची काही सोयच नव्हती.

अखेर दोघं आली. मी त्यांना मुरलेल्यांच्या होडीत बसवलं आणि वडिलांच्या डोक्यावर टोपी चढवली. ढोल वाजायला लागला. वडिलांनी वल्हं मारलं, चुकीचं मारलं, पण होडी तीरासारखी सरळ. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

तेवढ्यात वडील म्हणाले, "अगं ठमे, हे डोक्यावर पिवळं काय आहे?"

"टोपी आहे बाबा. तुम्ही लिंबूटिंबू. आता कितीही चुका, काही होत नाही."

वडिलांनी वल्हं मारायचं थांबवलं. होडी तशीच सरळ चाललेली. पुन्हा दोनदा उलटसुलट मारून बघितलं. होडी ढिम्म. "म्हणजे मी मारलं काय नि नाही मारलं काय, सारखंच?"

"तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून आहे ते."

"लहानपणी माझ्या थोरल्या भावानं मला असंच केलं होतं," वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानंच मला जास्त धडकी भरली. "मी भोकाड पसरलं होतं. पोरं पकडायची आणि म्हणायची, हा लिंबू आहे, सोडा याला. मला बाद व्हायचं होतं गं. माझ्यावर राज्य यायला पाहिजे होतं. कप्तानानं मला ओझं म्हटलं, पण निदान मी होडीत होतो तरी. आता तर मी नाहीच आहे."

अरे देवा! इतक्या वर्षांत आम्हा तिघांनाही हे सुचलं नव्हतं. वहिनींना धाकट्याला सांभाळणं आठवलं, भावजींना टोपी सुचली, आणि लिंबाला काय वाटतं हे विचारायचंच राहून गेलं. आता हे उठून जाणार, आणि पुन्हा कधीच येणार नाहीत, ह्या धास्तीनं मी गारठलो.

पलीकडून मुलीचा आवाज आला, पण तो तिचा वाटेना. "बाबा, मीपण लिंबूच आहे."

"काय?"

"तिकडे कचेरीत. मला कुणी बोलत नाही, रागवत नाही. एक रेघसुद्धा ओढू देत नाहीत. नुसत्या घड्या घालते मी. कितीही चुकले तरी काही होत नाही." आणि ती रडायलाच लागली.

ढोल तेवढा वाजत होता. आता वडील ते वाक्य बोलणार, सांगितलं नव्हतं का, ते! मी शर्यत थांबवू शकत नाही, कुणाचं तोंड बंद करू शकत नाही. मी नुसता ऐकत होतो.

"मग रडत परत का नाही आलीस?" वडिलांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, येशील म्हणून."

वडील म्हणाले, "मी रागात काहीही बरळतो. तू ते धरून बसलीस होय, वेडे? यायचं तर कधीही ये. दार काय परक्याचं आहे? पण त्याआधी एकदा त्यांना ठणकावून सांग. म्हणावं, मला राज्य द्या. चुकले तर ओरडा. आणि आता मला सांग, ही टोपी काढायची कशी?"

"तिच्यावर बोट दाबा. पण बाबा, होडी बुडेल."

"बुडू दे."

त्यांनी टोपी काढली. पुढच्याच ठोक्याला वल्हं चुकलं, होडी गर्रकन फिरली, पुन्हा चुकलं आणि आडवी झाली. "अहो काका, बुडवलीत की हो!" पुढे बसलेला ओरडला.

"बुडवली ना?" वडील हसत सुटले. "मीच बुडवली!"

त्यानंतर एकदा वडील एकटेच आले. मुलीचं नाव नव्हतं. पण ह्या वेळी त्यांनी बटण दाबलं, आणि मी त्यांना त्यांच्या बरोबरीच्यांत, तीन कच्च्या भिडूंबरोबर बसवलं. कुणी विचारलंही नव्हतं, तरी बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "आज आमची ठमी यायची नाही. कामात आहे. एका शाळेचा जिना काढायला दिलाय तिला. पहिल्यांदा चुकला म्हणे, साहेबांनी चांगलं झापलं. आता परत काढतेय."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या होडीत कुणी नवखा आला तर त्याला ओझं म्हणू नका. पण त्याला इतकंही जपू नका, की त्याच्या वल्ह्यानं होडी हलेनाशी होईल. त्याला चुकू द्या, थोडं भिजायला लागलं तरी चालेल. भीती मलाही वाटते, दर वेळी वाटते. तरीही मी माणसं बसवतोच.