हारातला फोटो

वाशीमच्या वेशीला लागून कस्तुराबाईची भाजीची वाडी. नवरा गेल्यापासून वांगी, मेथी, कोथिंबीर सगळं तिच्याच अंगावर. लेक वैष्णवी अनसिंगला दिलेली. पोळ्याला माहेरी आली तेव्हा तिनंच आईच्या फोनवर फेसबुक सुरू करून दिलं.

"आमचे फोटो पाहत जाय, आई. आवडला तं हा अंगठा दाबाचा. बोलाचं असंल तं इथं लिवाचं."

लेक परत गेली आणि कस्तुराबाईच्या जिवाला नवाच घोर लागला. अंगठा दाबावा तर लोक काय म्हणतील, न दाबावा तर लेकीला वाईट वाटेल. अनोळखी माणसं मैत्री मागायची. मग ती फोन पालथा घालून ठेवायची, जसं काही ती माणसं आतून घरात डोकावत होती. अजून एक अक्षर लिहायची तिची हिंमत झाली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं फोन उघडला आणि हातातली जुडी खाली पडली. पुंजाजींचा फोटो! वैष्णवीचे सासरे, तिचे इवाई. फोटो काळा-पांढरा, गळ्यात हार. वर जावयानं, गजेंद्रनं लिहिलेलं, 'बाबा, तुमच्यासारखा माणूस होणे नाही.' खाली हात जोडल्याची चित्रं, रांगेनं.

नवऱ्याचा फोटो तिनं असाच काळा-पांढरा करून भिंतीवर लावला होता.

लेकीला फोन लावला. बंद. जावयाला लावला. तोही बंद. "अवो माय, मले काहून नाई कळवलं?" लग्नात मानपानावरून इवाई जरा रुसले होते. तो राग घरच्यांनी अजून धरला असेल काय? की लेकीलाच काही झालं? साऱ्या जगानं हात जोडले आणि सख्खी इहीणच गप्प राहिली, असं बोलणं पोरीच्या वाट्याला यायला नको. एक एक अक्षर शोधत तिनं 'भाव' एवढं लिहिलं. पुढचे शब्द फोननंच सुचवले. तिनं त्यावर बोट ठेवलं. भावपूर्ण श्रद्धांजली.

वाडीला कडी घालून ती तशीच निघाली. बसमध्ये सारखा फोन काढून पाहत होती. तिच्या शब्दांखाली आता आणखी लोकांनी श्रद्धांजली लिहिली होती. वाचून तिच्या डोळ्यांना धार लागली, पण मनाला थोडा आधारही वाटला. आपण लिहिलं ते बरंच केलं.

अनसिंगला घरासमोर ही गर्दी. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. "इवाई वो!" असा हंबरडा फोडतच कस्तुराबाई आत घुसली आणि जागीच थिजली.

बाजेवर पुंजाजी बसले होते. खांद्यावर दुपट्टा, चेहरा रागानं लाल.

"मले मारलं कोनं, तेवढं सांगा!"

गजेंद्र शेजाऱ्याच्या बॅटरीवर फोन लावून उभा होता. गावात रात्रीपासून लाइट नव्हती, घरातले फोन बंद पडले होते. "बाबा, पयलं ज्यानं लिवलं..." तो बोलता बोलता थांबला. सासूकडे पाहून त्यानं मान खाली घातली. वैष्णवीचा चेहरा पांढराफटक.

 गप्प राहिलं तर जावई काही बोलणार नाही, हे कस्तुराबाईला दिसत होतं. पण उद्या ते उघडं पडलं तर लेकीनं या घरात कसं नांदायचं?

"इवाई, म्या लिवलं. मले वाटलं तुमी गेले."

"आई, तो शेतकरी मेळाव्यातला सत्कार व्हता वो!" वैष्णवी रडवेली झाली. "हळदीले बक्षीस भेटलं त्याचा! काळा-पांढरा तं यायनं हौसेनं केला!"

कोणी हसलं नाही. पुंजाजी उठले. आता काय बोलतात म्हणून कस्तुराबाईनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फाटकाकडून आरोळी आली.

"पुंज्या!"

देवमन, पुंजाजींचे थोरले भाऊ. धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या भांडणापासून दोघांत बोलणं नव्हतं, एकमेकांच्या दारात पाऊल नव्हतं. ते ओलिताच्या शेतातून अनवाणी पळत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. भावाला समोर उभा पाहून त्यांनी त्याचे खांदे धरले, गाल चाचपले.

"जित्ता हायेस न रे?"

"हाव दादा. जित्ता हाओ."

देवमन तिथंच खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले.  पुंजाजी स्वतः जाऊन पाण्याचा गडवा घेऊन आले. "सूनबाई, च्या मांड," एवढंच म्हणाले.

गर्दी पांगली. दोघे भाऊ एकाच बाजेवर चहा पीत बसले होते. निघताना कस्तुराबाईनं लांबूनच हात जोडले. "इवाई, चुकलं माह्यं. पोरीले काई बोलू नोका. ते लिवलेलं आताच पुसाले सांगतो."

"राहू द्या आजचा दिस," पुंजाजी म्हणाले. "माहूरची बहीण निंगाली म्हने. पाहू तं खरं, कोन कोन येते."

हे ते हसून म्हणाले की डिवचून, काही कळेना. पार स्टँडपर्यंत कस्तुराबाई सोबत चालणाऱ्या लेकीला तेच विचारत राहिली.