वासितीच्या उंचीचं प्रवाळ

वासिती जन्मली त्याच वर्षी चक्रीवादळाने त्यांच्या दूरच्या बेटावर गावासमोरच्या प्रवाळाच्या खडकाचा पार चुरा केला होता. तिथे पुन्हा पहिला कोंब फुटला तेव्हा ती रांगत होती, म्हणून आजोबा तिला आणि त्या प्रवाळाला जुळ्या बहिणी म्हणायचे. दर वाढदिवसाला ते नातीला पाण्यात न्यायचे, सांबरशिंगासारख्या फांद्यांच्या एका झुडपाशी बुडी मारून उभं राहायला लावायचे आणि मोजायचे. पाचव्या वर्षी फांद्या गुडघ्याला लागल्या, दहाव्या वर्षी कमरेला. "बघ, तुझी बहीण तुझ्याहून जास्त जेवते!" असं म्हणून ते स्वतःच इतके हसायचे की नाकातोंडात पाणी जायचं. आणि काय गर्दी असायची तिथे! निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. पोपटमासे तर दगडावरचं शेवाळ असं कराकरा खरवडायचे की पाण्याखाली शाळेची मधली सुट्टी झाल्यासारखं वाटायचं.

वासिती पंधराची व्हायच्या महिनाभर आधी आजोबा गेले. ते गावाचे प्रमुख. प्रमुख गेला की त्याच्या नावाने समोरचा खडक शंभर दिवस बंद. जाळं नाही, गळ नाही, कुणी पाय ओला करायचा नाही. शंभर दिवस झाले की खांब उपटायचा आणि तिथल्या माशांचं साऱ्या बेटाला जेवण घालायचं. झाडाच्या सालीच्या कापडाची पट्टी बांधलेला बंदीचा तो खांब रोवला इनोके मोमोने, म्हणजे तिच्या मामाने; तिकडे मामाला मोमो म्हणतात. आईचं माहेर मासेमारांचं, आणि खडक बंद करायचा-उघडायचा मान त्यांच्या घराण्याचा.

आणि वासितीने काय करावं? वाढदिवशी सगळे चर्चमध्ये असताना पोटदुखीचं सोंग घेऊन ती घरी राहिली आणि सरळ खांबापलीकडे पोहत गेली. मोजायला आता दुसरं होतं कोण? फांद्या थेट खांद्याला लागल्या! फक्त त्यांचा रंग विचित्र दिसत होता. तपकिरी जाऊन जांभळा, आतून दिवा लावल्यासारखा झगझगीत. पाणी निवत ठेवलेल्या चहासारखं कोमट. तिला वाटलं, आजोबांनीच बहिणीला सजवलंय.

तीन आठवड्यांनी ओहोटीला काठावरूनच दिसलं. खडक पांढरा पडला होता, हाडासारखा.

"कुणीतरी बंदी मोडून आत गेलंय, म्हणूनच हे," बायका म्हणाल्या, आणि वासितीने उकडलेल्या कसावाच्या कंदाचं ताट तसंच उचलून ठेवलं.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी जाळी दुरुस्तीला निघाली. "ए वासिती," मोमोचा मुलगा साकिउसा ओरडला, "बाबांनी तुझ्या पोटाच्या मापाने जाळं विणायला सांगितलंय. बेटभर दोरा संपला!" मामे-आते भावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही तिकडची रीतच, आणि एरवी तिने दुप्पट सुनावलं असतं. त्या दिवशी ती ढसाढसा रडायला लागली.

"अगं, मी काय म्हटलं?" साकिउसा घाबरलाच.

ती उठली, घरून यांगोनाच्या झुडपाची वाळकी मुळी घेतली, मानपानाला कुटून पाण्यात कालवून पितात ती, आणि मोमोच्या घरी जाऊन दाराजवळ बसली. तिकडे माफी मागायची तर हात रिकामे चालत नाहीत. आईही तिथेच चटई विणत होती. मान खाली घालून वासितीने मुळी पुढे केली. "मोमो, मी आत गेले होते. माझ्यामुळे ती पांढरी पडली."

"वेडी आहेस का?" आईच बोलली. "कालच मी बाहेरच्या खडकाकडे होडी नेली होती. तिथे कसला खांब नि कसलं काय! तोही पांढराच आहे. पाणी तापलंय, बाळा. तू काही केलं नाहीस."

वासितीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चूक तिची असती तर माफी मागता आली असती. तापलेल्या समुद्रापुढे मुळी ठेवायची कुठे?

"मेली का ती?"

"अजून नाही. उपाशी आहे," मोमो म्हणाला. "पाणी निवलं तर रंग येईलही. पण तोवर अंगावर शेवाळ चढलं की संपलं. शेवाळ कोण खातं?"

"पोपटमासे."

"आणि परवा आम्ही जाळ्यात काय ओढणार?"

वासितीने झटकन मान वर केली.

"आत कुणी गेलं तर दिवस पहिल्यापासून मोजायचे, असा नियम आहे. खडक आजारी आहे म्हणून थांबा, असा नियम नाही. मी सांगितलं तर हसतील मला."

"दादा, पोरीवर गाव तुटून पडेल!" आई म्हणाली.

"मग नाही घेत मुळी. घेतली की कबुली गावापुढे सांगावी लागेल. तिलाच विचार."

वासितीने मुळी आणखी पुढे सरकवली. "घे ना, मोमो."

त्याने मुळीला हात लावला आणि माफी स्वीकारल्याच्या ओंजळीने जड टाळ्या वाजवल्या.

दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले, आणि आजोबांच्या नावाचं जेवण दुकानातल्या डबाबंद माशांवर झालं. "नातीने म्हाताऱ्याला पत्र्यातून जेवू घातलं!" येताजाता लोक तिला ऐकवायचे. आत्या तर तिच्याशी बोलायचीच बंद झाली.

दुसरे शंभर दिवस संपले तेव्हा पाणी गार होतं. खांब उपटण्याआधी खडक पाहून यायचा मान मोमोचा, म्हणून तो तिला होडीत घेऊन तिथे गेला. पोपटमासे होते, खरवडतही होते, पण एवढ्या मोठ्या खडकाला ते पुरणार कितीसे! फांद्यांवर हिरवी लव चढली होती. तिने खांद्याजवळच्या टोकाला नुसता हात लावला तर ते बिस्किटासारखं तुटलं. पार तळाशी, सावलीत, तेवढी एक फांदी तपकिरी होती. वासितीच्या घोट्यालाही न लागणारी.

काठावर लोक जाळी घेऊन उभे होते. मोमोने खांबाला हात घातला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "या शंभर दिवसांत आत कुणी गेलं होतं का?"

वासिती खाली बघत राहिली. या खेपेला ती खरंच गेली नव्हती.

"मी गेलो होतो," साकिउसा म्हणाला. साकिउसा! जेलीफिशच्या भीतीने गुडघाभर पाण्यात न उतरणारा! कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी जाळी खाली टाकली, कुणीतरी शिवी हासडली. मोमोने खांबावरचा हात काढला. दिवस पुन्हा पहिल्यापासून.

होडी ओढून घेताना वासिती मनातल्या मनात मोजत होती. घोट्यापासून खांद्यापर्यंत यायला पुन्हा पंधरा वर्षं. तेवढी वर्षं समुद्र गार राहिला तर.