लग्नासाठी रंगवलेला पूल

मी या घरात सून म्हणून आले, त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्या नणंदेचं लग्न झालं. फिरता पूल अडकला तोही त्याच वर्षी.

पूल मामंजींच्या वडिलांच्या वेळचा. नदीतून जहाजं जायची आणि वरून रेल्वेही न्यायची होती. म्हणून तो मधल्या खांबावर असा बसवला, की जहाज आलं की फिरून प्रवाहाच्या रेषेत उभा राहावा आणि जहाज गेलं की पुन्हा दोन्ही काठांना टेकावा. नियम एकच : आधी जहाज, मग गाडी. वाफेचं यंत्र जाऊन वीज आली, तरी पूल फिरवायचं काम आमच्याच घरात राहिलं. मामंजी पुलाला थोरली लेक म्हणत. धाकटी ही माझी नणंद.

होणारा जावई गोदीत कामाला होता. जहाजांच्या तळाचा जुना रंग खरवडायचा. मामंजींच्या मनात ते भरलं नव्हतं.

"एवढी लाडाची लेक, आणि द्यायची रंग खरवडणाऱ्याला!"

"तुम्ही तरी काय, लोखंडालाच तेल पाजता ना!" सासूबाई म्हणाल्या.

वऱ्हाड पलीकडून गाडीने येणार होतं. पाहुण्यांना पूल नवा दिसावा म्हणून मामंजींनी तो रंगवायला घेतला. भरात येऊन दोन्ही टोकांनाही रंगाचे हातावर हात दिले. टोकं कधीच कुणी रंगवत नसे. काठाच्या खाचेत ती जेमतेम बसायची. उन्हाळ्यात लोखंड फुगलं की पाणी मारून बसवावी लागायची.

लग्नाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. वऱ्हाडाची गाडी सिग्नलपाशी आली आणि नेमकं तेव्हाच वाळूचं जहाज आलं. पूल उघडला, जहाज गेलं, पूल परत फिरला आणि खाचेच्या तोंडाशीच अडकला. दोन्हीकडे कोपरा तेवढा टेकलेला, बाकी फट आणि खाली नदी. म्हाताऱ्या पाहुण्यांना उडी मारा म्हणून कोण सांगणार?

पलीकडून व्याही गरजले, "अहो, ड्रायव्हर गाडी मागे न्यायची म्हणतोय! आता गेलो तर पुढच्या वर्षीच येऊ!"

पाणी ओतून झालं, पूल हलेना. मामंजी पुलाच्या मधोमध, खटक्याच्या खोलीच्या दारात बोलायचा भोंगा धरून उभे होते. तोंड एवढंसं झालेलं.

तेवढ्यात नवरदेव बाह्या सरसावून रुळांवरून पुढे आला. टोकावर नख फिरवून ओरडला, "मामा, रंग जाड झालाय! काठावरूनच खरवडतो. तुमच्या बाजूला कुणीतरी बसवा!"

आमच्या बाजूला नवरीच बसली. मुंडावळ्या मागे सारून तिने आचाऱ्याच्या हातातलं उलथनं ओढून घेतलं. नवरदेवाकडे काय हत्यार होतं म्हणाल, तर इंजिनातला कोळसा ओढायचं फावडं. नदी रुंद, म्हणून मामंजी भोंग्यातून इकडचं तिकडे सांगत होते.

"तो म्हणतोय, उलथनं आडवं धर!"

"त्यांना सांगा, आतापासूनच शिकवू नका!"

"ती म्हणतेय, शिकवू नका!"

"मग सांगा, अंगठा सांभाळ!"

हे मात्र मामंजींनी भोंगा खाली ठेवून, नुसत्याच आवाजात सांगितलं. दोन्ही काठ हसत होते. व्याहीसुद्धा.

रंगाच्या सालपटांचा ढीग पडला. मी बादल्या ओतल्या. मामंजींनी खटका ओढला आणि पूल कुरकुरत खाचेत जाऊन बसला.

गाडीतून उतरल्यावर व्याही म्हणाले, "रंग झकास हो. फक्त नको तिथे!"

जावयाचे काळे झालेले हात मामंजींनी स्वतःच्या नव्या उपरण्याने पुसले. अक्षता उशिरा पडल्या, पण पडल्या. उलथनं पुढे पुलाच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असायचं, आणि टोकांना पुन्हा कुणी रंग लावला नाही.

मामंजी माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नाच्या वर्षी गेले. नणंद तीन वर्षांपूर्वी गेली. जावई गेल्या थंडीत गेले. आता ही गोष्ट सांगायला मीच उरले.