झाकणाच्या आतले तीन टाके

मित्रांनो, मी एक जुनी खोगीरपिशवी आहे. घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबायची, पोटात औषधाच्या बाटल्या वागवायची, हे माझं काम. आता शंभरीला टेकले आहे आणि अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियातल्या एका गावच्या कचेरीत, काचेच्या कपाटात बसून आहे. कपाटात चिठ्ठी आहे : 'सत्यवचनी डॉक्टर लेम्युएल प्रॅदर यांची पिशवी. कारागीर अज्ञात.'

अज्ञात म्हणे! अहो, मला शिवणारा हात मला ठाऊक नसेल तर कुणाला ठाऊक असेल?

मला केटोने शिवलं. केटो प्रॅदरांच्या शेतावरचा गुलाम, चामड्याच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. एक काम संपलं की आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असे तीन तिरके टाके घालायचा. माझ्या झाकणाच्या आत आहेत ते अजून. "हे कशाला रे?" असं त्याच्या आईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मालकांना नाव लिहिता येतं, आई. मला एवढंच येतं."

त्याची आई फिबी. घरातली सगळी गोरी माणसं तिला फिबीमावशी म्हणत. मावशी म्हणायला काही लागत नाही. केटोचं नाक, कपाळ, चालताना डावा खांदा पाडायची लकब, सगळं थोरल्या प्रॅदरांचं, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांचं. आंधळ्यालाही दिसावं असं होतं ते. पण त्या घरात अशा बाबतीत सगळ्यांचेच डोळे अधू होते.

डॉक्टर वाईट होते का? नाही हो, तसं सोपं असतं तर बरं झालं असतं. पुरात घोडा घालून ते बाळंतिणीपर्यंत पोचायचे. खोटं बोलत नसत, लिहीत तर मुळीच नसत. प्रॅदरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं लोक म्हणत. फक्त एक होतं. त्यांचा सगळा भरवसा एकाच बाटलीवर होता. रसकापूर, पाऱ्याची पांढरी पूड. ताप आला, द्या रसकापूर. पोट बिघडलं, द्या रसकापूर. रोग्यांच्या तोंडातून लाळ गळायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, आणि डॉक्टर खूश होऊन म्हणायचे, "बघा, औषध लागू पडतंय!" आणि ती बाटली कुणाच्या पोटात? माझ्या. मलाही पाप लागलंच की.

एका हिवाळ्यात केटोला फुप्फुसाचा ताप आला. डॉक्टरांनी आठ दिवस पूड दिली. नवव्या दिवशी केटो उठून बसला. डॉक्टर वर्षभर घरोघरी हीच कथा सांगत फिरले. मी खोगिरावर होते, मला ती पाठ झाली होती.

पुढे थोरले प्रॅदर वारले. वाटणी झाली. जमीन, खेचरं, भांडीकुंडी आणि माणसं. केटो जावयाच्या वाट्याला गेला. जावयाने त्याला मिसिसिपीकडच्या व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. तिकडे माणूस विकायचा तर डॉक्टरने तपासून कागद द्यावा लागे, की हा ठणठणीत आहे. तुमच्याकडे बैलाचे दात बघतात ना, तसंच. कागद चांगला नसेल तर व्यापारी नेत नसे.

म्हणजे सगळं एका ओळीवर आलं होतं. आणि ती ओळ केटोच्या भावानेच लिहायची होती.

डॉक्टर ओसरीवर बसले होते. मी बाजूच्या खुर्चीवर. केटोने सदरा काढला आणि डॉक्टरांनी त्याच्या पाठीला कान लावला. भावाने भावाच्या पाठीला लावला हो कान! बराच वेळ ऐकत राहिले.

"मालक," केटो शांतपणे म्हणाला, "पिशवीचा डावा पट्टा उसवलाय. जायच्या आधी शिवून देऊ का?"

"राहू दे," डॉक्टर म्हणाले.

फिबी पायरीशी उभी होती. ती वर आली. "धाकले मालक, एक ओळ लिहा. छाती कमजोर आहे म्हणून लिहा. खोटं नाही ते. थंडीत अजून खोकतो पोर."

"फिबीमावशी, त्याला मी बरं केलंय. सगळा जिल्हा जाणतो. त्यालाच आजारी लिहू? मग माझ्या औषधाला गुण तो काय राहिला?"

"तुमचा गुण कुठे जात नाही, मालक. माझा मुलगा चाललाय."

"मी आजवर कागदावर खोटं लिहिलेलं नाही."

फिबी आणखी जवळ आली. मग म्हणाली, "तर मग खरं ऐका. तुमची पूड त्याच्या पोटात गेलीच नाही. रोज मी ती पायरीखालच्या मातीत टाकली. आठ दिवस मी त्याला कडू पाल्याचा काढा पाजला. तुमच्या औषधाने बरा झाला नाही तो. आता तरी लिहा. वडिलांचं नाक आहे त्याला, तुमचंही आहे. जरा बघा तरी त्याच्याकडे!"

अगं बाई, का बोललीस! तिला वाटलं, गाठ सुटेल. तिने उभा जन्म त्या घरात काढला, आणि तरी तिला उमगलं नाही की या माणसाला भाऊ गेलेला चालेल, बाटली खोटी ठरलेली चालणार नाही.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. "तोंड सांभाळ," एवढंच म्हणाले. मग माझ्याच पोटात हात घालून त्यांनी दौत आणि लेखणी काढली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं : "यास फुप्फुसाचा ताप होता, तो माझ्या औषधाने समूळ गेला. माणूस ठणठणीत आहे. मी स्वतः हमी देतो."

सही केली. सत्यवचनी माणसाने लिहिलेलं ते पहिलं खोटं, मित्रांनो, आणि शाई माझ्या पोटातली.

केटो गेला. डावा पट्टा तसाच राहिला.

पुढे डॉक्टरांनी पोटदुखीवर स्वतःलाच रसकापूर सुरू केला. दात गेले, हात कापायला लागला, लेखणी धरवेना. मला वाईट वाटलं नाही, खरं तेच सांगते. मग युद्ध झालं, गुलामी गेली. सुटकेची बातमी आली त्याच सकाळी फिबीने मक्याच्या भाकरी बांधल्या. मी ओसरीच्या खुंटीवर होते. जाताना तिने माझं झाकण उचललं, त्या तीन टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पश्चिमेच्या, मिसिसिपीकडच्या रस्त्याला लागली. एकटी, सत्तरीची बाई. परत आली नाही. पोचली की नाही, देव जाणे.

आता डॉक्टरांची नात, मिस ऑगस्टा, हे दालन सांभाळते. तिने घराण्याचा इतिहास छापला आहे. त्यात थोरल्या प्रॅदरांना दोन मुलं : एक मुलगा, एक मुलगी.

गेल्या गुरुवारी मिसिसिपीहून एक पन्नाशीची काळी बाई आली. काळ्यांना गुरुवारीच येऊ देतात, तेही मागच्या दाराने. ती काचेशी वाकली. "बाईसाहेब, माझे आजोबा केटो इथलेच. खोगिरं शिवायचे. आत तीन तिरके टाके घालायचे. या पिशवीचं झाकण जरा उचलून दाखवता?"

"वस्तूंना हात लावायचा नाही," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "फार नाजूक आहे ती."

"बरं. एवढं तरी सांगा. त्यांची आई इथेच राहिली होती. तिने त्यांना कधी शोधलं का? आजोबा म्हणायचे, सुटका झाल्यावर सगळ्यांच्या आया आल्या, माझी आली नाही. विसरली असेल. मरेपर्यंत हेच म्हणत होते."

"तशी काही नोंद नाही," ऑगस्टाबाई म्हणाल्या.

ती बाई मागच्या दाराने गेली. अगं, निघाली होती गं ती! पहिल्याच सकाळी निघाली होती! पण चामड्याला कुठली वाचा?

मित्रांनो, दर शनिवारी मला तेल लावतात. माझी फार काळजी घेतात इथे. मला तेल नको. तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर एवढं करा, कुणाला न विचारता माझं झाकण उचला.