तळहातावर तीनदा

"आक्का, तण उपटताय की चाचपडताय?" धाकटीनं मागच्या दारातूनच सूर लावला. सकाळचं ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं आणि हिची जीभ मात्र कधीच तापली होती.

थोरली मिरचीच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. तिनं मान वर केली नाही. करून दिसणार काय होतं? दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत. उजेड कळायचा, माणूस हलला तर सावली कळायची, बस्स.

"चाचपडूनच उपटतेय," ती म्हणाली. "डोळे गेले तरी बोटं आहेत ना माझी."

"ऐकलंत का? बोटं आहेत म्हणे!" धाकटीनं कुंपणाकडे तोंड केलं. कुंपणापलीकडे शिवणवाली दिवसभर ओट्यावर मशीन मांडून बसायची. मशीन थांबलं, बाई फिसकन हसली, नि मशीन पुन्हा चालू झालं. धाकटीच्या वेलावरची भाजी त्या घरी फुकट जायची, मग हसायला नको?

या दोघी जावा. दोघींचे नवरे गेले, आणि मागं राहिलं दोन खोल्यांचं घर नि हातभर परस. थोरलीला मूलबाळ नाही. धाकटीला एकच मुलगा, बसवर ड्रायव्हर. त्याचं लग्न ठरलं होतं पुढच्या महिन्यात, आणि मुलीकडच्यांनी तोंडावर सांगितलं होतं की पोरीला वेगळी खोली हवी. एका खोलीत धाकटी नि मुलगा, दुसरीत थोरली. आता हे गणित कुणाला कळत नाही? शहरात निराधार बायकांचा आश्रम आहे, तो धाकटी स्वतः जाऊन बघून आली होती. सोय चांगली आहे म्हणाली. एवढी चांगली होती तर आपण का नाही राहिली तिथं?

पण ड्रायव्हर अडला. धाकटी बाळंतपणात सहा महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पोराचं सगळं थोरलीनं केलं होतं. तो तिला मोठी आई म्हणायचा. कालच त्यानं शिवणवालीच्या देखत शब्द दिला होता, "मोठी आई, उद्या मिरचीचा वाफा निंदून ठेव. एकही रोप गेलं नाही, तर तुझी खोली तुझीच. आम्ही ओसरीला आडोसा करून राहू. पण रोपं गेली तर मात्र मी काही बोलणार नाही. दिसेनासं झालेलं माणूस दिवसभर घरात एकटं ठेवायचं म्हणजे जोखीमच."

म्हणजे बघा, जिनं दगडधोंडे वेचून हे परस उभं केलं, तिनं म्हातारपणी परसात बसून परीक्षा द्यायची! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

तरी थोरली खुशीत होती. मनातून तिला वाटत होतं, पोरानं आपल्याला वाट काढून दिली. कारण हे काम तिच्या हातचं होतं. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा लागतात. हराळीला गाठी असतात. मिरचीचं रोप गोल, नि खाली जरा कडक. एकेका रोपाभोवती बोटं फिरवून ती आधी रोप ओळखायची, मग बाजूचं तण धरून मुळासकट ओढायची.

आणि ओढलं की लगेच टाकायचं नाही. डाव्या तळहातावर मूळ तीनदा आपटायचं. थप, थप, थप. माती सगळी झडली पाहिजे, मग मुळं उन्हाकडे करून ढिगावर. "माती राहिली की तण जगतं," हे ती सगळ्यांना सांगायची. ड्रायव्हर पाच वर्षांचा असताना तिच्याशेजारी बसून आपटायचा, तळहात लाल करून घ्यायचा नि विचारायचा, "झालं ना गं तीनदा?" दोनदा आपटून पळाला तर ती हाक मारून परत बसवायची.

उन्हं माथ्यावर आली तेव्हा वाफा संपला. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून हात फिरवला. चोवीस रोपं लावली होती, चोवीस लागली. कंबर धरून ती उठली, पाणी प्यायली, आणि मागच्या खिडकीखाली चटईवर आडवी झाली. महिन्याभराचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं तिला.

डोळा लागता लागता तिला धाकटीच्या चपला ऐकू आल्या. मशीन थांबलं. मातीतून काहीतरी उपटल्याचा बारीक आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. कोथिंबीर काढत असेल, थोरलीला वाटलं. मग कुंपणापाशी काही कुजबुज झाली नि मशीन सुरू झालं. थोरली झोपली. सरळ माणसाला झोप लवकर लागते, हाच त्याचा घात.

चारला ड्रायव्हर आला तोच धाकटीनं गळा काढला. "बघ रे बाबा, बघ तुझ्या मोठ्या आईचं काम! बोटं आहेत म्हणत होती!"

थोरली भिंतीला धरत धरत परसात आली. "काय झालं?"

"काय व्हायचंय? अकरा रोपं तणाच्या ढिगात! बाळासारखी जपली होती मी." पाणी कुणी घातलं होतं, ते विचारू नका.

थोरली ढिगापाशी खाली बसली. ढीग चाचपू लागली. एक रोप हाताला लागलं. गोल दांडा, मिरचीच. तिनं बोटं खाली नेली आणि ती तिथंच थांबली.

"याच्या मुळाला माती आहे," ती म्हणाली. "हा बघ केवढा गड्डा. मी माती ठेवते का कधी? सगळा ढीग बघ, एका तणाला माती सापडते का बघ. हे मी उपटलेलं नाही."

"मग काय भुतानं उपटलं?" धाकटी कडाडली.

"अगं शिवणवाले," थोरलीनं कुंपणाकडे हाक दिली, "तू होतीस ना दुपारी? तुझं मशीन थांबलेलं मी ऐकलंय."

"मला कुठली फुरसत मान वर करायला, मावशी," पलीकडून आवाज आला. बाईच्या पायाशी कोवळा दुधी होता, सकाळपर्यंत तो धाकटीच्या वेलावर लटकत होता. थोरलीला तो दिसला नाही. ड्रायव्हरला दिसला. तो दुधीकडे बघत राहिला, मग त्यानं आईकडे बघितलं, मग खाली.

"तू बघ रे," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट जरा हसू होतं. "तुला मी शिकवलंय. घे हातात नि सांग यांना."

ड्रायव्हर तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या हातातलं रोप त्यानं घेतलं. त्याची सावली तिला कळत होती. पलीकडे मशीन थांबलं होतं.

मग आवाज आला. थप.

थोरलीचं हसू तसंच राहिलं. तिला आधी कळलंच नाही.

थप.

माती तिच्या पायांवर पडली. अजून ओलसर होती.

"माती कुठाय, मोठी आई?" ड्रायव्हर म्हणाला. "झाडलेलंच आहे हे. तुझ्याच हातचं आहे."

"बघा! आता तरी पटलं?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं पायांवरची माती बोटांनी चाचपली. चिमटीत धरून चुरली. ती रडली नाही, की तिनं कुणाला शिव्याशाप दिले नाहीत.

"दोनदाच आपटलंस," ती म्हणाली. "अजून एकदा आपट. नाहीतर जगतं ते."

मग तिसरा आवाज आला, आणि थोरली भिंत धरून आपलं गाठोडं बांधायला आत गेली.