शिलाईवाल्या ताईचा वाटा

मी एक वाटा बोलतोय. कागदोपत्री मला म्युच्युअल फंडाचं युनिट म्हणतात, पण वाटा म्हटलं की मला आपल्यातलं वाटतं.

माझा जन्म ताईच्या पहिल्या हप्त्यातून झाला. ताई कपड्यांच्या कारखान्यात पायमशीनवर बाह्या जोडते. गुडघे इतके कुरकुरायचे, की जिना उतरताना ती कठड्यालाच चार गोष्टी सुनवायची. मोटारीवर चालणारं शिलाई मशीन स्वतःचं घ्यायचं आणि घरी बसून शिवायचं, हा एकच ध्यास. तिची धाकटी भावजय फंडाच्या कचेरीत कामाला. तिनंच दरमहा हप्ता सुरू करून दिला.

फंडात माझ्यासारखे लाखो. कुणी ड्रायव्हरचा, कुणी नर्सबाईंचा, कुणी निवृत्त मास्तरांचा. एकट्या ताईच्या पैशात एखाद्या कंपनीचे दोनचार शेअर आले असते. सगळ्यांचे पैसे एकत्र करून फंड सांभाळणाऱ्या बाईंनी पन्नास कंपन्यांचे घेतले, आणि प्रत्येकातला कणभर माझ्यात आला. बाई स्वतःची फी कापायला मात्र एकदाही विसरल्या नाहीत!

मग बाजार पडला. माझी किंमत रोज उतरू लागली. माणसं पैसे काढायला धावली आणि ताई घाबरली. कारखान्यातल्या बायका मिळून कापडाचा अख्खा तागा घेत, आणि जी शेवटी पोचे तिला उरलंसुरलं टोक मिळे. ताईला वाटलं, इथंही तसंच होणार. कुणाला न विचारता तिनं अर्धे वाटे विकून टाकले. मी उरलेल्यांत होतो.

भावजयीनं कपाळाला हात लावला. "अहो वन्सं, विचारायचं तरी!"

"विचारेपर्यंत उरलं काय असतं?"

"हा तागा नव्हे. दुसरा पैसे काढायला येतो तो स्वतःचाच वाटा नेतो, तुमचे आहेत तेवढेच राहतात. कंपन्यांचे भाव उतरले म्हणून किंमत उतरली. शेवटी येणाऱ्यालाही त्या दिवशीचाच भाव मिळतो."

"म्हणजे मी माझ्याच हातानं तोटा करून घेतला?"

"जाऊ द्या आता. भाव वर येतीलच, असं मीही छातीठोक सांगत नाही."

मला ताईचा राग आला नाही. जन्मभर उरलंसुरलं मिळालेलं माणूस घाई करणारच. पुढं भाव सावरले, पण त्या घाईत जे गेलं ते भरून काढायला तिला आणखी एक वर्ष पायमशीन चालवावं लागलं. हप्ता तिनं एकही चुकवला नाही.

मशीनपुरते पैसे जमले, म्हणून आज ती सगळे वाटे मोडायला कचेरीत आली आहे. मोडला की वाटा संपतो, तेव्हा तिचं नवं मशीन काही मला दिसायचं नाही.

"वन्सं, बसा ना," भावजय म्हणाली.

"नको गं. बसले की उठवत नाही. उभ्यानंच करते सही."

घाबरलात तर खुशाल घाबरा, पण विकण्याआधी कुणाला तरी विचारा, एवढंच माझं मागणं. येतो, ताई. ती घाई झाली नसती, तर मी वर्षभर आधीच संपलो असतो.