शोकेसमधलं रोमन विमान

माझ्या बाबांना पंख असलेली कुठलीही वस्तू विमानच वाटते. पण हे माझ्या लग्नाच्या आड येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये बाहुल्या नाहीत, कप-बशा नाहीत, नुसती विमानं. मी पीएचडी करतेय ती रोमन लोकांच्या कामुक कलेवर. माझं लग्न ठरत होतं त्या शौनकला हे माहीत होतं, पण त्या भित्र्याने घरी 'रोमन घरसजावट' एवढंच सांगितलं होतं. मला शौनकही हवा होता आणि पीएचडीही.

रविवारी तो आई आणि आजीला घेऊन आला. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. शोकेसमध्ये, दोन लढाऊ विमानांच्या मधोमध, मी इटलीहून आणलेली पितळी वस्तू झुलत होती. रोमन लोक ती दाराला टांगत. भलंथोरलं पुरुषाचं लिंग, त्याला दोन पंख, मागे शेपूट आणि खाली छोट्या घंटा. माझ्या आईने ती ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून कपाटात पार वर दडवली होती. नेमकी त्याच सकाळी बाबांना शोकेसमधली रिकामी जागा खुपली आणि कपाटात हे 'विमान' सापडलं.

"हे कुठलं हो विमान?" आजींनी विचारलं.

"इटालियन. तेजूने आणलंय," बाबा खुलले. "पण डिझाइन साफ चुकलंय. पुढचा भाग बघा केवढा जड, आणि पंख एवढेसे. हे जन्मात उडायचं नाही." असं म्हणून त्यांनी ते काढून आजींच्या हातात दिलं. घंटा किणकिणल्या.

माझ्या आईने पदर तोंडाला लावला. शौनक पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागला. आजींनी चष्मा चढवला आणि ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"गोविंदराव, हे विमान नाहीये."

बाबांनी पुन्हा पाहिलं. या खेपेला पंख सोडून उरलेलं पाहिलं. मग जे लाल झाले!

"तेजश्री, काय आहे हे?" शौनकच्या आईचा आवाज ताठ होता.

भीती तर वाटत होतीच. पण या घरातून त्या घरात जाऊन मीही जन्मभर ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून राहायचं, याचा जास्त राग आला. "दृष्ट लागू नये म्हणून टांगायचे," मी म्हणाले. "दिव्यांवर, घरातल्या भिंतींवरही असलं सगळं असायचं, पाहुण्यांदेखत. मी याचाच अभ्यास करते. लग्नानंतरही करणार."

"दृष्टीला आम्ही लिंबू-मिरची लावतो," शौनकची आई म्हणाली.

"लिंबू-मिरचीकडे बघतंय कोण?" आजी म्हणाल्या. "हे दारात असलं तर आल्यागेल्याची नजर इथेच चिकटेल. घराकडे बघायची शुद्ध कुणाला!" आणि त्या अशा हसल्या की हातातल्या घंटा पुन्हा वाजल्या.

शौनकची आई हसली नाही. "कळवतो," म्हणून उठली. या 'कळवतो'चा अर्थ कुणाला ठाऊक नाही?

आईने ते पुन्हा ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून कपाटात टाकलं. बाबा शोकेसकडे बघेनासे झाले. "माझ्यामुळे मोडलं," म्हणत राहिले. मला रडू यायचं, आणि त्यांचा तो चेहरा आठवला की हसूही.

बुधवारी शौनकच्या आईचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "पीएचडी कर हो तू, खुशाल कर. पण ते रुखवतात मांडायचं नाही. आमच्या सासूबाई हट्ट धरून बसल्यात, तूच समजाव त्यांना."

बाबा उठले. कपाटातून ते काढलं, ब्लाउजपीस सोडला, आणि दोन लढाऊ विमानांच्या मधोमध पुन्हा टांगलं.

"उडालं की गं हे," ते म्हणाले.